हौसेच्या ऑपरेशनची तक्रार

माझं ब्रेस्ट इम्प्लांट आणि लिफ्टचं ऑपरेशन, म्हणजे स्तनांत कृत्रिम पिशव्या बसवण्याचं आणि ओघळलेली छाती वर उचलण्याचं, होऊन वर्ष उलटून गेलं. जे व्हायला हवं होतं ते झालेलं नाही. आता पुन्हा ऑपरेशन करून घ्यायचं का, हे ठरवायचंय. सांगलीत हा विषय चारचौघीत काढता येत नाही. पण याच घोळात असलेल्या बायका आहेत हे मला माहीत आहे, कारण त्यांच्यातल्या काहींची मापं मीच घेते.

मी विश्रामबागेत ब्लाउज शिवते. दोन बाळंतपणं, दोन्ही मुलांना भरपूर पाजलं, नंतर वजन बरंच उतरवलं, आणि छाती पार ओघळली. चैत्र-वैशाखात स्तनांखालच्या घडीत घाम साठून चट्टे उठायचे, पावडर लावून लावून कातडी काळी पडली होती. दिवसभर मशीनवर वाकून बसायचं आणि रात्री ती जागा पुसून मलम लावायचं. तेव्हा ऑपरेशन केलं ते त्या त्रासासाठी, आणि हो, छान दिसावं म्हणूनही. दोन्ही कारणं खरी आहेत आणि मला दोन्ही सांगायची आहेत.

आता काय झालंय ते मापातच सांगते, ती माझी भाषा आहे. कटोरी ब्लाउज बेतताना आम्ही खांद्यापासून पॉइंटपर्यंत, म्हणजे छातीच्या टोकापर्यंत, आणि पॉइंटपासून खालच्या पट्टीपर्यंत टेप लावतो. खांद्यापासूनचं माप माझं दोन्ही बाजूंना जवळपास सारखं आहे. पण निपलपासून खालच्या घडीपर्यंत डावीकडे तीन इंच, उजवीकडे साडेचार. उजवीकडचं इम्प्लांट खाली उतरलंय. ऑपरेशनची जी आडवी खूण घडीत लपायला हवी होती ती वर सरकून स्तनावर दिसते, आणि निपल आभाळाकडे बघतंय. डावीकडे उलटं. तिथलं इम्प्लांट वर अडकलंय, हाताला कडक लागतं, आणि कुशीवर झोपलं की दुखत नाही पण टोचतं. एकाच ब्लाउजला दोन वेगळ्या कटोऱ्या कापून मी ते झाकते. बाहेरून कुणाला कळत नाही, पण मला रोज कळतं.

उजवीकडच्याला डॉक्टर बॉटमिंग आउट म्हणतात आणि डावीकडच्याला कॅप्सुलर कॉन्ट्रॅक्चर. शरीरात कुठलीही बाहेरची वस्तू ठेवली की शरीर तिच्याभोवती पातळ आवरण तयार करतं. ते सगळ्यांनाच होतं. काहींच्या बाबतीत ते आवरण आवळत जातं. त्याच्या बेकर नावाच्या चार पायऱ्या आहेत: पहिलीत स्तन मऊ आणि नेहमीसारखा, दुसरीत थोडा कडक, तिसरीत कडक आणि आकार बिघडलेला दिसतो, चौथीत शिवाय दुखतो. माझी डावी बाजू तिसऱ्या पायरीवर आहे.

इम्प्लांट आणि लिफ्ट एकाच वेळी केलं तर पुन्हा ऑपरेशन लागण्याचा धोका यातलं एकच केल्यापेक्षा जास्त असतो. हे मला नंतर कळलं आणि कळल्यावर लगेच पटलं. लिफ्टमध्ये जादाची कातडी काढून ती घट्ट करतात, आणि त्याच बैठकीत आत ३०० सीसीचं वजन भरून तीच कातडी ताणतात. जुनं, विरलेलं कापड टाचून आत अस्तर कोंबलं तर शिवण कुठून उसवेल हे कुठलाही शिंपी सांगेल. दोन्ही एकत्र केल्यावर पुष्कळ जणींचं छान होतंही, तेही मी पाहिलंय. पण हा धोका ऑपरेशनआधी समोर बसवून, नीट समजेल अशा शब्दांत सांगायला हवा होता. सहीच्या कागदावर बारीक अक्षरात तो होता, इंग्रजीत.

सर्जननं पहिले सहा महिने थांबायला सांगितलं ते बरोबरच होतं. सूज उतरायला, खुणा पिकायला वेळ लागतो, आणि बहुतेक सर्जन तेवढा काळ तरी गेल्याशिवाय दुसऱ्या ऑपरेशनचा विचारच करत नाहीत. मी थांबले. नंतर फोन केला की एकच उत्तर, "मॅडम, थोडं उन्नीस-बीस असतंच." फोटो पाठवले, त्यावरही तेच. दीड इंच म्हणजे उन्नीस-बीस नव्हे हो. दीड इंच चुकलं तर माझं गिऱ्हाईक ब्लाउज टेबलावर टाकून जाईल, आणि मी तो उसवून परत शिवून देईन.

घरच्यांचं बोलणं त्याहून जिव्हारी लागतं. नणंद म्हणाली, "वहिनी, हौसेनं केलंत न्हवं? मग आता गप बसा की." ती मनानं वाईट नाही. आपल्याकडे असाच हिशोब आहे. अपेंडिक्सचं ऑपरेशन बिघडलं तर सगळं गाव डॉक्टरला जाब विचारायला जाईल, पण हे बिघडलं तर बाईलाच जाब. मला हे अजिबात मान्य नाही. मी भिशीचे आणि दिवाळीच्या सीझनचे पैसे साठवून ते ऑपरेशन केलं. भूल तीच, सुरी तीच, रक्त तेच. कॉस्मेटिक म्हणून मेडिक्लेम एक रुपया देत नाही, वर जीएसटी लागतो. मग हौसेचं म्हणून विचारण्याचा हक्क तेवढा कमी कसा होतो?

म्हणून मी आधी कागद मागितले, आणि ज्या कुणी माझ्यासारख्या अडकल्या आहेत त्यांनीही हेच आधी करावं असं माझं स्पष्ट मत आहे. दोन गोष्टी हव्यात. एक म्हणजे इम्प्लांटच्या खोक्यावरचं स्टिकर किंवा कार्ड, ज्यावर कंपनी, सीरियल नंबर, सीसी आणि पृष्ठभाग गुळगुळीत की खरबरीत हे असतं. दुसरी म्हणजे ऑपरेशन नोट, म्हणजे ऑपरेशनमध्ये काय आणि कसं केलं याची डॉक्टरांनी लिहिलेली नोंद. स्टिकर लगेच मिळालं. नोट देताना टाळाटाळ झाली, तेव्हा मी पत्र लिहिलं. भारतीय आयुर्विज्ञान परिषदेच्या २००२च्या नियमांत आहे की रुग्णानं मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यायची, आणि भरती रुग्णाची नोंद डॉक्टरांनी तीन वर्षं जपायची. पत्रात तो नियम घातल्यावर नोट आली.

स्टिकरची काळजी होती ती वेगळ्या कारणानं. जुलै २०१९मध्ये ॲलर्गन कंपनीनं तिची बायोसेल नावाची खरबरीत इम्प्लांट जगभरातून परत घेतली, कारण त्यांच्याशी एका दुर्मीळ प्रकारच्या लिम्फोमाचा संबंध दिसला होता. तो स्तनाचा कॅन्सर नाही, इम्प्लांटभोवतीच्या आवरणात होणारा रोगप्रतिकार पेशींचा कॅन्सर आहे. त्रास नसेल तर ती इम्प्लांट काढायची गरज नाही असंच तेव्हा अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधं आणि अशा वस्तूंवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं, सांगितलं, पण आपल्या अंगात काय आहे हे आपल्याला ठाऊक नको का? माझी गुळगुळीत निघाली. त्या रात्री झोप लागली.

त्याच एफडीएनं २०२१मध्ये इम्प्लांटच्या माहितीपत्रकात चौकटीतला ठळक इशारा छापायला लावला. त्यात लिहिलंय की ही आयुष्यभराची वस्तू नाही. सिलिकॉनचं इम्प्लांट आतल्या आत फाटलं तर हाताला कळतही नाही, म्हणून पाच-सहा वर्षांनी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करावा असं ते सांगतात. मी त्रेचाळीस वर्षांची आहे. म्हणजे आता नवीन जोडी बसवली तरी साठीच्या आधी परत टेबलावर जाणं आलंच असं धरून चालायला हवं.

दुसरं मत घ्यायला मी मिरजेला गेले. मिरज दवाखान्यांचं गाव. वानलेस डॉक्टरांनी १८९४मध्ये मिशनचं हॉस्पिटल काढलं तेव्हापासून कर्नाटकातून, सोलापुराकडून माणसं रेल्वेनं इथं येतात. आणि आम्ही इथल्या बायका असल्या ऑपरेशनला लांबच्या शहरात जातो, कारण इथं वेटिंग रूममध्ये ओळखीचं कुणीतरी भेटणारच. लपवायचं म्हणून लांब जायचं आणि लांब म्हणून तपासणीला जाणं टळायचं, असं ते चक्र. या वेळी मी फक्त डॉक्टरांकडे एम.सीएच. प्लास्टिक सर्जरी ही पदवी आहे का आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी आहे का, एवढं बघितलं. वेटिंगमध्ये माझी एक गिऱ्हाईक होतीच. नमस्कार केला आणि बसले.

डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न केला, "मिश्री लावता का?" मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, तंबाखू खाता का विचारलं तर इकडच्या बायका नाहीच म्हणतात, कारण मिश्री त्यांच्या लेखी दाताचं औषध. पण निकोटिन ते निकोटिन. त्यानं बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि निपलचा रक्तपुरवठा धोक्यात येतो, जखम उकलते. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर निदान चार-सहा आठवडे बंद हवं. माझ्या चुलत जावेला मी त्याच संध्याकाळी फोन केला. तिचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय.

मग त्यांनी ऑपरेशन नोट बोट ठेवून वाचली. मागच्या वेळी निपलला रक्त वरच्या बाजूनं राखलं होतं. दुसऱ्या लिफ्टमध्ये अजाणता तीच बाजू कापली गेली तर निपल गमवावं लागू शकतं. त्या एका ओळीसाठी मी पत्र लिहिलं होतं हे मला तेव्हा कळलं.

माझ्यापुढे मार्ग असे. डावीकडचं आवळलेलं आवरण काढून नवीन, लहान इम्प्लांट बसवायचं आणि उजवीकडची घडी आतून टाके घालून वर घ्यायची. पण एकदा आवळलेलं पुन्हा आवळू शकतं, आणि टाके पुन्हा ताणू शकतात. किंवा दोन्ही इम्प्लांट काढायची. मग छाती लहान होईल, वरचा भाग रिकामा दिसेल, थोडी ओघळेलही. लिफ्ट त्याच वेळी करता येतं किंवा काही महिने थांबून, कातडी किती आकसते ते बघून. थांबल्यानं रक्तपुरवठ्याचा धोका कमी होतो, भूल मात्र दोनदा घ्यावी लागते.

माझं मन काढून टाकण्याकडे झुकतंय. मला मोठी छाती हवी होती असं नव्हतंच, मला घडीखालचे चट्टे नको होते आणि कापड सरळ बसायला हवं होतं. ते लहान छातीवरही बसतं, जास्तच चांगलं बसतं. नवरा म्हणतो, "तू ठरव, पण दमानं." त्यानं पहिल्या वेळीही अडवलं नव्हतं आणि आताही टोमणा मारत नाही, हे लिहून ठेवते.

अडलंय ते एकदाच की दोन टप्प्यांत, इथे. प्रत्येक ऑपरेशननंतर निदान सहा आठवडे कात्री जोरानं चालवायची नाही, हात वर करून कापडाचे गठ्ठे काढायचे नाहीत. लग्नसराईत ते शक्य नाही, दिवाळीआधीही जडच जाईल. त्यातल्या त्यात पितृपंधरवड्यात दुकान रिकामं असतं, म्हणून डॉक्टरीणबाईंना मी तीच तारीख सांगितलीय. सासूबाई त्या दिवसांत ऑपरेशनला हो म्हणणार नाहीत. त्यांच्याशी मीच बोलणार आहे, आणि कसलं ऑपरेशन तेही सांगणार आहे.