रिफ्लेक्टेडचा रकाना

ऑगस्टमधली गोष्ट आहे, मासेमारीची बंदी उठून जेमतेम आठवडा झालेला. पहाटे पावणेसहाला फोन वाजला. पलीकडे स्टेशनची सकाळचा कार्यक्रम करणारी आरजे. ती शेजारच्या तालुक्यात राहते, निघायच्या आधी घरचा रेडिओ लावते. म्हणाली, सर, आपलं स्टेशन नुसतं खरखरतंय, काल रात्री पण असंच होतं, मुंबईच्या कंट्रोल रूमला विचारलं तर म्हणतात सगळं ग्रीन आहे.

मी कंत्राटी ब्रॉडकास्ट इंजिनियर. रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत पाच स्टेशनं बघतो, त्यात दोन कम्युनिटी रेडिओ. हे त्या पाचातलं सगळ्यात मोठं, एक किलोवॅटचं खाजगी एफएम, टॉवर समुद्राकडेच्या सड्यावर. नाव-गाव देत नाही. मार्च अखेरपर्यंत इथे पगारी इंजिनियर होते, चौदा वर्षं होते, मी हे सगळं काम त्यांच्या हाताखाली शिकलो, सगळे त्यांना सर म्हणायचे. एप्रिलपासून त्यांची पोस्ट बंद झाली आणि महिन्याला एक व्हिजिट असं कंत्राट माझ्याकडे आलं. मी ते घेतलं. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यालाच चिकटलेलं आहे.

कुडाळहून निघालो तेव्हा पाऊस असा की वायपरला उसंत नाही. सड्यावर पोचायला पावणेआठ झाले. वॉचमन काका गेटवरच उभे, छत्री उलटी झालेली. केबिनमध्ये शिरलो आणि पहिल्यांदा पॅनल बघितलं. फॉरवर्ड पॉवर ६० वॉट. हजाराच्या जागी साठ.

बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगायला लागतं. ट्रान्समीटरमधून निघालेली पॉवर फीडर केबलमधून वर अँटेनाला जाते, वाटेत कुठे बिघाड असेल तर त्यातली थोडी परत खाली येते, तिला आम्ही रिफ्लेक्टेड म्हणतो. हजार वॉट वर जाताना ३ वॉट परत येत असतील तर लाइन उत्तम. ४० आले की व्हीएसडब्ल्यूआर, म्हणजे लाइन किती बिघडली ते सांगणारा आकडा, १.५ झाला, तिथून हा ट्रान्समीटर स्वतःला वाचवायला पॉवर खाली ओढतो, आणि अजून वाढलं तर ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. तीन वेळा लागोपाठ ट्रिप झाला की लॉकआउट, मग मुंबईतून काही करता येत नाही, कोणीतरी जागेवर जाऊन बटण दाबायचं. रात्री एक वाजता तसंच झालं होतं. मुंबईच्या मुलाने काकांना फोन केला, काकांनी बटण दाबलं, ट्रान्समीटर ६० वॉटवर उठला, स्क्रीनवर "ऑन" दिसलं, हिरवं झालं. त्या स्क्रीनला ६० आणि १००० यातला फरक कळत नाही, तिला फक्त ऑन आणि ऑफ कळतं. पूर्वी स्टुडिओत एक ट्यूनर असायचा, हवेतून स्वतःचंच स्टेशन पकडून चोवीस तास हळू आवाजात चालू. स्टुडिओ एका खोलीवर आणला तेव्हा तो काढला.

आणि त्या रात्री खवळलेल्या समुद्राचा इशारा चालू होता. ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वारे, झोत ६५ पर्यंत, होड्यांनी किनारा गाठावा. खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, पण हवामान आणि आपत्तीच्या प्रशासनाच्या सूचना देता येतात. आणि आरजेने ती सूचना नीट रेकॉर्ड करून ठेवली होती, दर अर्ध्या तासाला वाजत होती. मुंबईच्या सर्व्हरवर वाजत होती, लिंकवर वाजत होती, ट्रान्समीटरच्या पहिल्या टप्प्यात, एक्सायटरमध्ये, येत होती. समुद्रात पोचत नव्हती.

आमची अँटेना समुद्रसपाटीपासून साधारण १२० मीटरवर. होडीवरचा रेडिओ पाण्यापासून दोन मीटर धरला तरी रेडिओच्या दृष्टीने क्षितिज ५० किलोमीटरपर्यंत जातं. पूर्ण पॉवरला आम्ही मोबाईलची रेंज संपल्यावरही बराच आत ऐकू येतो, याचा सरांना अभिमान होता आणि मलाही आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते आलं, सिंधुदुर्गात कित्येक गावांत दिवसचे दिवस लाइट नव्हती, मोबाईल टॉवर पडून होते, तेव्हा सर तीन रात्री याच केबिनमध्ये झोपले आणि जनरेटरला कॅनने डिझेल घालून स्टेशन चालू ठेवलं. ६० वॉट म्हणजे १२ डीबी खाली, जवळजवळ सतरावा हिस्सा. बाजारपेठेत काही फरक पडत नाही, लोक म्हणणार छान वाजतंय. मार खातो तो लांबचा माणूस.

मी ट्रान्समीटर बंद केला, आयसोलेटर, म्हणजे त्याचा मेन स्विच, खाली ओढून कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली. ही सरांची सवय, किल्ली टेबलावर ठेवलेली त्यांना चालायची नाही. मग फीडर काढून ट्रान्समीटरला डमी लोड, म्हणजे अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा भार, जोडला आणि तेवढ्यापुरतं कुलूप काढून बघितलं तर ट्रान्समीटर ठणठणीत, पूर्ण हजार देतोय. परत बंद, परत कुलूप, किल्ली परत खिशात. म्हणजे दुखणं बाहेर. डिहायड्रेटरकडे, म्हणजे हवा कोरडी करणाऱ्या यंत्राकडे वळलो. आमचा फीडर आतून पोकळ, हवेचा, त्यात कोरडी हवा ३ ते ५ पीएसआयला भरून ठेवतात म्हणजे बाहेरची दमट हवा आत शिरत नाही. कोकणात हे नाही केलं तर केबल म्हणजे नळ. गेजचा काटा शून्यावर. बरणीतली सिलिका जेल, जी कोरडी असताना निळी असते, ती पूर्ण गुलाबी.

फीडरचा खालचा फ्लँज, म्हणजे बोल्टचा जोड, सोडला. चार बोल्ट सैल केले तसं पाणी आलं, पेलाभर तरी असेल, हिरवट. मधला बुलेट, म्हणजे आतल्या कंडक्टरला जोडणारा पितळी तुकडा, एका बाजूने काळा पडून वितळलेला. वरच्या जोडातली ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारी रबरी कडी, गेली असणार, पाणी वरून शिरून उतरत खाली साठलं. मी त्या बुलेटला हात लावून बसलो होतो, तेव्हाच मोबाईल वाजला. मुंबईचा मुलगा. "सर, साईट रेड दाखवतेय, मी केव्हापासून इथून ऑन करतोय, होतच नाहीये."

किल्ली खिशात होती म्हणून काही झालं नाही. माझे हात मात्र त्यानंतर दहा मिनिटं धड चालले नाहीत. त्या मुलाला मी ओरडलो नाही. त्याच्या स्क्रीनवर बावीस स्टेशनं आहेत, त्याने आयुष्यात कधी टॉवर चढताना बघितलेला नाही, त्याला शिकवलंय की लाल दिसलं तर ऑन दाब. चिडायचं असेल तर ज्याने एका माणसासमोर बावीस स्टेशनं ठेवली त्याच्यावर चिडावं.

बुलेटचा स्पेअर कपाटात नव्हता. सर नेहमी दोन ठेवायचे. माझ्या गाडीत दुसऱ्या स्टेशनसाठी घेतलेला एक होता, तो बसला. केबल आतून वाळवायला नायट्रोजन पाहिजे, तो कणकवलीच्या एका एसी मेकॅनिककडून आणवला, ते लोक कॉपर पाइपची गळती तपासायला सिलेंडर ठेवतातच. तोवर दुपार झाली. पावसात आणि त्या वाऱ्यात रिगरला, म्हणजे टॉवर चढणाऱ्या कामगाराला, वर पाठवणार नाही असं मी स्पष्ट सांगितलं, मुंबईहून दोनदा विचारणा झाली तरी. दोन तास खालून नायट्रोजन सोडत राहिलो, वरच्या गळतीतून ओल बाहेर पडत राहिली. सव्वाचारला ट्रान्समीटर उठवला. ३०० वॉटवर ठेवला, रिफ्लेक्टेड ३. मग हळूहळू वर नेत संध्याकाळी सहाला ८००.

वाट बघत असताना काकांना विचारलं, किती वेळा बटण दाबलंत?

"लाल लाईट पेटलो काय दाबूचा, असा सायबान फोनार सांगल्यान. म्हणान दाबी होतंय." आणि त्यांनी गेटचं रजिस्टर आणून दिलं. मागच्या पानांवर तारीख, वेळ, खाली सही. सरांनी त्यांना लावलेली सवय, काय हात लावलास ते लिहून ठेव. पहिली नोंद ११ जुलैची, एक. मग चार दिवस काही नाही. मग दिवसाला एक, दोन. ऑगस्ट लागल्यावर पाच, सहा. त्या रात्री नऊ. एकूण पन्नासच्या वर नोंदी. प्रत्येक वेळी तो जळका बुलेट पुन्हा तापला आणि अजून थोडा जळला. महिनाभर बिघाड स्वतः येऊन सांगत होता, आणि काका तो इमानाने लिहून ठेवत होते, फक्त ते रजिस्टर वाचणारं कोणी नव्हतं.

शेजारच्या फळीवर सरांचं लॉगबुक होतं. दोन तासांनी एक ओळ: फॉरवर्ड, रिफ्लेक्टेड, टेंपरेचर, लाइन प्रेशर. रिफ्लेक्टेडच्या रकान्यात पानंच्या पानं ३, ३, ३, कुठे तरी ४ आणि पुढे शेरा "बोल्ट तपासले". शेवटची ओळ ३१ मार्चची. त्यानंतर कोरी पानं, दमटपणाने चिकटलेली.

जूनच्या व्हिजिटला मी जेल गुलाबी बघितली होती. ईमेल केला, फोटोसकट. उत्तर आलं, पुढच्या क्वार्टरला बघू. तो ईमेल माझ्याकडे आहे आणि कोणी विचारलं तर मी तो दाखवू शकतो. पण जेल काही शे रुपयांची येते. नाहीतर सर करायचे तसं जुन्या कढईत भाजून परत निळी करता येते, अर्ध्या तासाचं काम. मी केलं नाही, कारण डिहायड्रेटर माझ्या कंत्राटाच्या यादीत नव्हता आणि मला त्याच दिवशी पुढचं स्टेशन गाठायचं होतं. जुलैची व्हिजिट तर मी पुढे ढकलली, दुसऱ्या स्टेशनचा यूपीएस गेला होता म्हणून. पाच स्टेशनांना एक माणूस म्हणजे हेच होतं, पण ते पाच कंत्राटांवर सही मीच केली आहे.

होड्या सगळ्या आल्या. संध्याकाळी उतरताना मुद्दाम जेटीवर गेलो. एक तांडेल, होडीचा म्होरक्या, म्हणाला, रात्री रेडिओ खरखरला, मग ऐकूच येईना, आम्हाला वाटलं आपले सेल गेले. त्याने दुसरे सेल घातले. मग बाजूच्या ट्रॉलरच्या वायरलेसवर कळलं, तेव्हा जाळं ओढून परत फिरले, पोचेपर्यंत सकाळचे नऊ. त्याने तक्रार म्हणून सांगितलं नाही. त्याला अजूनही वाटत होतं की सेलच गेले होते. मी त्याला सांगितलं की नाही, आमचं गेलं होतं.

रात्री सरांना फोन केला. चार महिन्यांत पहिल्यांदा. मी सुरुवात कशी करू ते ठरवत होतो तर त्यांनीच विचारलं, लाइनला प्रेशर किती आहे? आरजेने त्यांना दुपारीच सांगितलं होतं. मी म्हटलं, आता ३ धरतंय, तासाला थोडं उतरतं. रिफ्लेक्टेड? मी म्हटलं, ८०० ला ९. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, मधल्या जॉइंटमध्ये पण पाणी असणार, रिगर वर जाईल तेव्हा फक्त ओ-रिंग बदलू नकोस, ४० फुटावरचा जॉइंट पण उघडून बघ, आणि काकांना सांग, बटण दाबायच्या आधी आकडा लिहा.

दुसऱ्या दिवशी काकांना रिफ्लेक्टेडचा मीटर दाखवला आणि लॉगबुकची नवीन पानं आखून दिली. रिगर शुक्रवारी येतोय, पाऊस थांबला तर.