चारशिंगी कॅमेलिऑन आणि बेळगावचा एप्रिल

दुर्मिळ कॅमेलिऑन (रंग बदलणारे सरडे) घरी पाळण्याची माहिती शोधायला बसलं की बहुतेक ठिकाणी तेच आकडे भेटतात: ३० अंशांचा ऊबदार कोपरा, मध्यम दमटपणा, दिवसातून दोनदा फवारा. हे आकडे मूळचे येमेनच्या व्हेल्ड आणि मादागास्करच्या पँथर कॅमेलिऑनचे. चारशिंगी कॅमेलिऑनला (ट्रायोसेरॉस क्वाड्रिकॉर्निस) तेच लावले, तर तो हळूहळू खंगत मरतो आणि कारण कळत नाही.

म्हणून सुरुवात प्राण्याच्या गावापासून करावी. हा राहतो कॅमेरूनच्या पश्चिमेकडच्या डोंगररांगांत आणि लगतच्या नायजेरियात. माउंट ओकू, मानेन्गूबा हे त्याचे डोंगर. बहुतेक वस्ती दीड-दोन हजार मीटरवर, ढगांच्या जंगलात. नकाशावर उंची बघा, जवळच्या गावाचं महिन्यागणिक तापमान काढा, आणि मग आपल्या घराशी ताडून पाहा. दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. बेळगाव साडेसातशे मीटरवर आहे. म्हणजे नुसत्या उंचीच्या हिशेबानं दोन हजार मीटरवरचं त्याचं घर आपल्यापेक्षा आठेक अंश थंड. दिवसा २१ ते २५, रात्री १० ते १५, हे त्याचं सुखाचं तापमान.

आता आपलं वर्ष बघा. डिसेंबर-जानेवारीत बेळगावच्या रात्री चौदा-पंधरावर येतात, खिडकी उघडी ठेवली की काम झालं. जुलै-ऑगस्टमध्ये दिवसही पंचविशीत असतो. खरी अडचण मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंतची: दुपारी ३५-३६ आणि रात्रीही वीसच्या आसपास. अथणी-रायबागकडं तर पारा चाळिशीला टेकतो. तिकडच्या साध्या घरात हा प्राणी ठेवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दिवसाच्या उन्हापेक्षा रात्रीचा गारवा जास्त महत्त्वाचा. रात्री अंग थंड पडलं की त्याची पचनाची आणि श्वासाची गती मंदावते, शरीरातलं पाणी टिकतं. रात्रभर २३-२४ अंशांत राहिला तर त्याला विश्रांती मिळत नाही. आधी भूक कमी होते, मग डोळे खोल जातात. दुपारी खोली २८ च्या वर गेली आणि तो फिका पडून तोंड उघडं ठेवून बसला, तर तो उकाड्यानं बेजार झालाय असं समजा.

पिंजरा उभा हवा: ६० सेंटिमीटर लांब-रुंद, १२० उंच. ॲल्युमिनियम सेक्शनची चौकट बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला कुठलाही फॅब्रिकेटर करून देईल. चारही बाजूंना बारीक जाळी लावा, पण धार नसलेली, कोटिंग केलेली. उघड्या तारेत नखं अडकून तुटतात. काचेची टाकी नको, हवा कोंडते. अतिनील किरणांसाठी टी-५ प्रकारची (बारीक ट्यूबलाइट) ६ टक्के यूव्हीबीची नळी पिंजऱ्यावर ठेवा, सर्वांत वरची फांदी तिच्यापासून २० ते २५ सेंटिमीटर खाली. जाळी तीसेक टक्के किरण खाते, काच आणि ॲक्रिलिक जवळजवळ सगळेच, त्यामुळं खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन या कामाचं नाही. नळी पेटत असली तरी वर्षानं बदला. ऊब देणारा दिवा लहानच, सकाळचे दोन तास, फांदीवर २७ च्या वर नको.

फांद्या पेरूच्या घ्या, बोटाएवढ्या जाड. झाडं जास्वंद, मनी प्लांट किंवा फायकस. कण्हेर अजिबात नको, ती विषारी. नर्सरीतल्या झाडावर औषध मारलेलं असतं. पानं धुऊन, वरची माती बदलून महिनाभर बाजूला ठेवा.

वाटीतलं साचलेलं पाणी तो पीत नाही, हलणारा थेंबच त्याला दिसतो. मेडिकलमधला सलाईनचा सेट यासाठी उत्तम. बाटली पिंजऱ्यावर टांगा, चाक फिरवून दोन सेकंदांना एक थेंब असं जुळवा आणि थेंब जास्वंदीच्या रुंद पानावर पडू द्या. तो दूरच्या फांदीवरून एका डोळ्यानं ते पान न्याहाळतो, झुलत झुलत जवळ येतो आणि टोकाशी तोंड लावून दहा-पंधरा मिनिटं पितो. त्या वेळी खोलीत कुणी हललं तर पिणं सोडून देतो. खाली ट्रे ठेवून पाणी रोज काढा. बोअरचं पाणी फवाऱ्यात घालू नका, क्षारांनी नोझल बंद पडतं, आरओचं वापरा. विष्ठेतला पांढरा भाग पांढराच राहिला तर पाणी पुरतंय, पिवळा-नारिंगी झाला तर कमी पडतंय.

खानापूर-जांबोटीच्या पावसाळ्यात उलटीच काळजी. भिंतींना ओल येते, हवा हलत नाही. कोमट, ओली, कोंदट हवा म्हणजे फुप्फुसाचा आजार. धुकं करणारं यंत्र त्या महिन्यांत बंद, फवारा फक्त पहाटे एकदा, आणि संगणकातला छोटा पंखा पिंजऱ्याबाहेरून हळू चालू. पुढच्या फवाऱ्याआधी पानं सुकलीच पाहिजेत.

खाण्यात झुरळांच्या पाळीव जाती, रातकिडे, रेशीमकिडे. रेशीमकिडा मऊ आणि पाणीदार असतो, फक्त तुतीवर औषध मारलेलं नाही ना, हे शेतकऱ्याला आधी विचारा. सोयाबीन किंवा उसातले नाकतोडे मात्र आणू नका. मोठ्याला दिवसाआड तीन ते पाच किडे, डोक्याच्या रुंदीपेक्षा लहान. कॅल्शियमची भुकटी प्रत्येक वेळी अगदी हलकी, जीवनसत्त्वांची महिन्यातून दोनदाच. डोंगरी जातींना जीवनसत्त्वं जास्त झाली तर गळा-मान सुजते. मादी अंडी घालते. नराशी जोड न लावताही तिला २५ सेंटिमीटर खोल ओलसर माती-वाळूची बादली लागते, नाहीतर अंडी पोटात अडकतात.

कायद्याचंही बघा. कॅमेलिऑनच्या जाती साइटीसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणारा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहेत. २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्याची नोंद केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. अर्ज बेळगावचा असेल तर कर्नाटकच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडं, चंदगड-गडहिंग्लजचा असेल तर महाराष्ट्राच्या. कागदाशिवाय मिळणारा प्राणी जंगलातून पकडलेला आणि जंतांनी भरलेला निघण्याची शक्यता मोठी. आणि आपल्या शिवारातला घोयरा, कन्नडमधला गोसुंबे, हा रंग बदलणारा सरडा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहे. तो रस्त्यावर दिसला तर काठीवर घेऊन बांधावरच्या झुडपात सोडा, घरी आणू नका.

प्राणी मागवण्याआधी एप्रिल येऊ द्या. झाडं, दिवा, फवारा सगळं लावून पिंजरा रिकामाच चालवा. उत्तरेकडची खोली, खिडकीत वाळ्याचा ओला पडदा (आपली एप्रिलची दुपार कोरडी असल्यानं तो चांगला चालतो), रात्री एसी १६ वर, वीज गेल्यास पंख्याला इन्व्हर्टर आणि फ्रीजरमध्ये गोठवलेल्या पाण्याच्या चार बाटल्या. कमाल-किमान नोंदवणारा थर्मामीटर मधल्या फांदीला बांधा आणि सलग १५ दिवस आकडे लिहा. पारा दुपारी २७ च्या वर किंवा पहाटे १८ च्या वर राहिला, तर खोली बदला किंवा ही जात सोडून द्या.