लगूना वुड्स : मूळ गाव सगळ्यांचं दुसरंच

लगूना वुड्समध्ये जन्माने तिथला असलेला माणूस मला भेटला नाही. भेटणार तरी कसा? लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगोच्या मधे, ऑरेंज काउंटी या जिल्ह्यातल्या या छोट्या शहराचा बहुतेक भाग म्हणजे पंचावन्नच्या पुढच्यांसाठी बांधलेली एकच अवाढव्य वसाहत. फाटकावर पहारेकरी, आत गोल्फच्या हिरवळी, रस्त्यावर मोटारींच्या बरोबरीने गोल्फ कार्ट. 2010 च्या जनगणनेत इथलं मध्यक वय 77 च्या आसपास निघालं होतं, म्हणजे निम्मं गाव त्याहूनही मोठं. आपल्या भारताचा हा आकडा 28 च्या आसपास आहे.

माझी मावशी इथे राहते. काका गेल्यावर तिने मोठं घर विकलं आणि स्वतःच्या पैशांनी, स्वतः निवडून इथे घर घेतलं. तरी आमच्या नातेवाइकांत अजून ‘मुलांनी तिला आश्रमात टाकलं’ असंच बोललं जातं. त्याचा मला मनापासून राग येतो. तिच्या घराला तिची किल्ली आहे, तिचं स्वयंपाकघर आहे, मंगळवारी टेबल टेनिस आहे, आणि मुलगा तासाभराच्या अंतरावर आहे.

डिस्नेलँड, सॅन डिएगो, समुद्रकिनारे सगळं झालं. छान होतं, गर्दी फार होती. पण सांगायचंय ते शुक्रवारच्या संध्याकाळबद्दल.

क्लबहाउसमध्ये वाद्यवृंदाचा कार्यक्रम होता. सातचा कार्यक्रम, आणि मावशीची पाचपासून लगबग. “अगं, तिघींना घ्यायचंय वाटेत. अंधारात त्यांना गाडी चालवता येत नाही.” मावशी एकाहत्तरची. तिच्या गल्लीत ती सर्वांत लहान, म्हणून रात्रीच्या फेऱ्या तिच्याकडे, उंच कपाटातलं सामान काढणं तिच्याकडे, आणि गृहसंस्थेच्या समितीतही तिलाच बसवलेलं, कारण ‘तू तरुण आहेस’. पुण्यात याच वयाच्या माझ्या आईला रिक्षावाला हात धरून उतरवतो.

पहिल्या दारापाशी एक आजी आधीच कोट घालून उभ्या होत्या. दुसरीच्या वॉकरच्या मागच्या पायांना टेनिसचे चेंडू कापून बसवलेले, फरशीवर आवाज होऊ नये म्हणून. मावशीने तो सराईतपणे मिटला आणि डिकीत आडवा सरकवला. तिसऱ्या शहाण्णव वर्षांच्या. त्यांची जागा पुढे, ठरलेली. तिघींना बसवून, पट्टे लावून, काठी पायाशी ठेवून गाडी निघायला वीस मिनिटं लागली असतील, आणि त्या वेळात कुणीही ‘सॉरी, माझ्यामुळे उशीर होतोय’ म्हटलं नाही. आपल्याकडे म्हातारी माणसं गाडीत बसताना किती ओशाळतात, ते मला तिथे लख्ख दिसलं.

मला वाटलं होतं, मी कुठली, लग्न झालंय का, हे विचारतील. त्याऐवजी एकमेकींची ओळख त्यांनी सालांनी करून दिली. ही 2003 ची, ती 2011 ची. म्हणजे इथे राहायला आल्याचं साल. शहाण्णववाल्या आजी म्हणाल्या, “मी आले तेव्हा हे शहरच नव्हतं.” खरंच नव्हतं. रॉस कॉर्टिस नावाच्या बिल्डरने 1964 मध्ये सुरू केलेली ही वसाहत तेव्हा ‘लीझर वर्ल्ड’ (फुरसतीचं जग) म्हणून ओळखली जायची. मग जवळचा एल टोरो हा लष्करी विमानतळ बंद व्हायची वेळ आली आणि तिथे मोठा नागरी विमानतळ करायचं घाटू लागलं. डोक्यावरून दिवसरात्र विमानं जाणार म्हटल्यावर या पेन्शनरांनी मतदान करून 1999 मध्ये स्वतःची नगरपालिकाच काढली, म्हणजे काउंटीत आपला आवाज ऐकला जाईल. 2002 मध्ये काउंटीच्या मतदारांनी विमानतळाची योजना गाडली. आजींनी तेव्हा दारोदार पत्रकं वाटली होती. हे सांगताना त्यांनी माझा हात दाबला, आणि पकड अशी होती की मी दचकले. “दर सहा महिन्यांनी मोजतात,” म्हणाल्या. 1981 मध्ये इथल्या जवळजवळ 14,000 रहिवाशांकडून खाण्यापिण्याची, व्यायामाची माहिती भरून घेतली होती. त्यांच्यातले जे नव्वदी ओलांडून जिवंत होते, त्यांच्यावर 2003 पासून जवळच्या अर्व्हाइन शहरातल्या विद्यापीठाने अभ्यास सुरू केला. स्मरणशक्ती, चालण्याचा वेग, हाताची पकड सगळं तपासतात. माफक कॉफी पिणारे न पिणाऱ्यांपेक्षा जास्त जगलेले दिसले, हे आजींनी दोनदा सांगितलं.

परतीच्या वाटेवर त्यांनी हिशेब मांडला. अमुक घर रिकामं झालं, तमुक घरात कोरियन जोडपं आलं, पलीकडे इराणी बाई आल्या. ‘रिकामं झालं’ म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत. त्या नाव घ्यायच्या, क्षणभर थांबायच्या, पुढच्या घरावर जायच्या. मला त्या थांबण्याने गलबलून आलं. जन्माची भर जवळजवळ शून्य, मृत्यू नेहमीचे, तरीही 2010 मध्ये 16,192 असलेली लोकसंख्या 2020 मध्ये 17,644 झाली. हे गाव केवळ येणाऱ्यांवर जगतं.

एक गोष्ट मात्र मला पटली नाही. नातवंडांना इथे वर्षातले ठरावीक दिवसच राहता येतं. अमेरिकेत मुलं आहेत म्हणून घर नाकारणं 1988 च्या कायद्याने बेकायदा आहे. अपवाद अशा वसाहतींचा, जिथे किमान 80 टक्के घरांत पंचावन्न किंवा त्यावरचं कुणीतरी राहतं. कायदा समजला, कारणही समजलं. पण सकाळी बागेत एकही पोर ओरडत नाही, ही शांतता मला सोसेना. मावशीला सोसते. “तीस वर्षं शाळेत शिकवलंय मी,” म्हणाली.

निघायच्या आदल्या दिवशी समोरच्या रिकाम्या घरात नवे गृहस्थ सामान लावत होते. तिघी काठी-वॉकर सांभाळत त्यांच्या दाराशी गेल्या, केक दिला, आणि पहिला प्रश्न विचारला, “रात्री गाडी चालवता का?” ते हो म्हणाले. पुढच्या शुक्रवारची फेरी त्यांच्याकडे गेली.