पूरभिंतीचा खर्च आणि ऑफिसचं भाडं, दोन आरटीआयचा माझा अनुभव

दूधगंगेकाठचं आमचं गाव, कर्नाटकच्या हद्दीतलं. २०१९ ला पाणी घरात आलं, परत २०२१ ला आलं, आणि मग काठाला संरक्षक भिंत झाली. ती कितीला झाली हे मात्र कुणाला विचाराल तर प्रत्येकाचा आकडा वेगळा, पारावर तर तो रोज वाढतोय. म्हटलं कागदच मागू. आणि लगे हाथ दुसरं पण विचारू, की हे काम बघणारं ऑफिस खाजगी बिल्डिंगमध्ये आहे त्याचं भाडं किती जातं. आमच्याकडं हा विषय तसा सगळ्यांच्याच तोंडात असतो, कारण बेळगावात सुवर्ण विधानसौध, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाची इकडची इमारत, २०१२ पासून उभी आहे, ती खरी गजबजते अधिवेशनापुरती, आणि इकडं ऑफिसं भाड्यानं.

पहिली अडचण अर्जाची. माहिती अधिकारात इंग्लिश, हिंदी नाहीतर त्या भागाची राजभाषा चालते, म्हणजे आमच्यासाठी कन्नड. बोलायला मला येतं, सरकारी कन्नड लिहायला नाही, म्हणून हायस्कूलच्या एका सरांकडून लिहून घेतला. महाराष्ट्रातल्या कागलच्या पाहुण्यांना सांगितलं तर हसले, त्यांचं सगळं मराठीत होतं ना. दुसरं म्हणजे कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि तो पण १५० शब्दांत, त्यामुळं भिंतीचा वेगळा आणि भाड्याचा वेगळा अर्ज, प्रत्येकाला १० रुपयांची पोस्टल ऑर्डर.

‘खर्च किती झाला’ असं मोघम विचारू नका, उत्तर पण मोघमच येतं. मी इस्टिमेट, वर्क ऑर्डर, दिलेली बिलं आणि एमबी मागितली. एमबी म्हणजे मेजरमेंट बुक, साइटवर टेप लावून जे मोजतात ते त्यात चढवतात आणि त्याच्यावरच बिल निघतं. इस्टिमेटमध्ये काय वाटेल ते लिहिलेलं असू दे, पैसे एमबीवर जातात.

३० दिवस झाले, उत्तर नाही. गेलो की ‘साहेब साइटवर गेलेत, नाळे बर्री’, म्हणजे उद्या या. मग पहिलं अपील टाकलं, ते त्याच खात्यातल्या वरच्या साहेबांकडं असतं. एरवी झेरॉक्सला पानाला २ रुपये पडतात, पण मुदत उलटली की फुकट द्यावं लागतं, हे कलम ७(६) अपिलात मुद्दाम लिहिलं. त्यानंतर बोलावणं आलं, या आणि फाईल बघा.

एमबी हातात घेऊन बघण्यासारखी असते. जाड पुठ्ठ्याची, पानांना नंबर, आणि पेनानं लिहिलेले कॉलम, नग, लांबी, रुंदी, उंची. पायाची खुदाई, खालचं काँक्रीट, मग भिंत, सगळं टप्प्याटप्प्यानं. मी फोटो काढले आणि घरी येऊन पुतण्याला घेऊन भिंतीला टेप लावली. लांबी बरोबर निघाली, वरची जाडी पण बरोबर. एकूण रक्कम तर पारावरच्या सगळ्या आकड्यांपेक्षा कमी, हे सांगितल्यावर पारावरची मंडळी माझ्यावरच नाराज झाली! पाया किती खाली गेलाय ते मात्र आता कोण उकरून बघणार, खरा पैसा तिथंच जातो आणि पाणी पण पायाच आधी खातं.

एवढ्या मोठ्या कामाची फाईल दाखवली त्यांनी, पण भाड्याचा कागद काही दाखवेनात. उत्तर काय तर घरमालक त्रयस्थ व्यक्ती आहे, त्याची खाजगी माहिती देता येत नाही. अहो, मला मालकाचं बँक खातं नको होतं, करार, महिन्याचं भाडं आणि ते कुठल्या दरानं ठरलं एवढंच हवं होतं. पैसा सरकारी तिजोरीतनं जातो तर त्यात खाजगी काय? पहिल्या अपिलात पण तेच उत्तर, शब्द सुद्धा बदलले नव्हते.

आता दुसरं अपील माहिती आयोगाकडं केलंय, ते करायला ९० दिवसांची मुदत असते. आयोगाचं एक पीठ बेळगावातच आहे म्हणून बरं, नाहीतर बेंगळुरूचा खर्च कोण करणार. तारीख अजून लागली नाही. मधल्या काळात ऑफिसचा कारकून बाजारात भेटला तेव्हा म्हणाला, मामा, भिंतीचं मिळालं की, आता भाड्याचं कशाला धरून बसलाय. मी म्हटलं, तुम्ही जेवढं लपवताय तेवढी माझी उत्सुकता वाढायला लागलीय.