आयर्विनला किती?

सांगलीत आमच्या समोरच्या बिल्डिंगमधले फ्लॅट बघायला दोन वर्षांपूर्वी पुण्याहून एक जोडपं आलं होतं. त्यांना तळमजल्याचा पसंत पडलेला. एजंट बोळातच सांगत होता, "२०१९चा पूर म्हणजे अपवाद हो. एरवी इथं पाणी येत नाही." मी कट्ट्यावर मेथी निवडत होते. मध्ये बोलणार नव्हते, पण त्या मुलीनंच विचारलं, "काकू, खरंच नाही येत?"

म्हटलं, आत ये, रेघ दाखवते.

आमच्या माजघराच्या चौकटीवर सासूबाईंनी ऑइलपेंटनं पुराच्या तीन रेघा मारून ठेवल्यात. २००५ची मांडीपर्यंत, २०२१ची छातीपर्यंत आणि २०१९ची माझ्या डोक्याच्या वर. त्या वर्षी आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. तिथं ४०ला इशारा, ४५ला धोका. पण सांगलीत ज्याचा त्याचा आकडा वेगळा. सूर्यवंशी प्लॉटवाले आमच्या कितीतरी आधी सामान बांधतात. आमचा आकडा ५०. पन्नासला पायरी भिजायची.

पाणी नदीकडून धावत येतं असं नवख्यांना वाटतं. आमच्याकडं आधी मोरीच्या जाळीतून बुडबुडे येतात. खाली हरिपूरला वारणा फुगलेली असली की कृष्णेला पुढं सरकता येत नाही, मग ती गटारी-नाल्यांतून गावात शिरते. वर कोयनेतून विसर्ग वाढवलेला असला, तर इथं लख्ख ऊन असूनही पाणी चढतं.

२०१९ला फ्रीज टेबलावर चढवून आम्ही उंचावरच्या विश्रामबागला नणंदेकडं गेलो. परतलो तर फ्रीज माजघराच्या दारात उताणा, पोटात गाळ. वर्षाचे गहू भिजून एवढे फुगलेले, की पत्र्याचा डबा शिवणीवर फाटला होता. तो आंबूस वास दिवाळीपर्यंत गेला नाही. पंचनाम्याला आलेला माणूस नाकाला रुमाल लावून दारातच उभा.

सासूबाईंचा मुद्दा वेगळाच. आयर्विनला २००५ आणि २०२१मध्ये फरक फूट-दीड फुटाचा, चौकटीवर मात्र अडीच फुटांचा. २०२१ला पायरी भिजली तेव्हा तिकडं पन्नास झालेच नव्हते. मागचा नाला बुजवून प्लॉट पडले, नव्या बिल्डिंगांनी भराव टाकून पार्किंग उंच केलं. तेवढं पाणी जाणार कुठं? "नदीचे फूट तेच आहेत गं," त्या म्हणतात, "आपले कमी झाले." नदीच्या निळ्या पूररेषेच्या आत बांधकाम नको, हे कागदावर आहेच. कागद कोरडा असतो.

एजंट अजून मला ओळख दाखवत नाही.

जोडप्यानं त्याच बिल्डिंगमध्ये दुसरा मजला घेतला. गेल्या पावसाळ्यात रात्री अकराला त्या मुलीचा फोन. "काकू, आयर्विनला किती?"

"अडतीस. झोप आता. गाडी तेवढी उद्या विश्रामबागला लाव."