तांब्याचा तळ

रविवार, रात्री

आज सकाळचा चहा झाल्यावर स्वयंपाकघरातला पितळी तांब्या खिडकीपाशी स्टुलावर ठेवला आणि समोर बसून तो काढू लागले. नववीत इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेत ‘क’ श्रेणी मिळाल्यावर मी चित्रकलेची वही मिटली, ती थेट यंदा, वयाच्या ४७व्या वर्षी उघडली. मधल्या काळात दिवाळीची रांगोळी आणि मुलाच्या विज्ञानाच्या वहीतल्या आकृत्या, एवढेच काय ते माझ्या हातून उमटले.

पहिल्या दोन्ही चित्रांत तांब्याचा तळ सरळ रेषेत आला. आठवीत एलिमेंटरीच्या तयारीत वस्तुचित्र काढतानाही नेमकी हीच चूक होत असे. तांब्या सपाट जागेवर टेकलेला आहे हे मनाला ठाऊक असते, म्हणून हात सरळ रेघ ओढून मोकळा होतो. प्रत्यक्षात डोळ्यांच्या पातळीखालचे वर्तुळ लंबगोल दिसते आणि जितके खाली जावे तितका तो लंबगोल अधिक उघडत जातो. हा नियम मला तेव्हाही पाठ होता, परंतु समोरच्या तांब्याकडे मी क्वचितच पाहत असे. आज मात्र पेन्सिल बाजूला ठेवून दहा मिनिटे नुसते पाहिले, तेव्हा तिसऱ्या चित्रात तळाला बाक आला. मान अजून वाकडी आहे, पण ती माझी आजची चूक आहे, जुनी नव्हे, आणि याचा मला जरा जास्तच आनंद झाला.

दुपारी जलरंग काढले. शाळेत ‘कुठेही कोरी जागा सोडू नका’ हे वाक्य इतक्यांदा ऐकले होते, की कागद भरून काढणे म्हणजेच चित्र पूर्ण करणे अशी माझी समजूत झाली होती. जलरंगात गणित उलटे असते: पितळेवरची चकाकी रंगवायची नसते, ती कागदाच्या पांढऱ्यात राखून ठेवायची असते, आणि एकदा तिच्यावर रंग गेला की ती पूर्वीसारखी परत मिळत नाही. पहिली चकाकी मी सवयीने बुजवली. दुसरी, तांब्याच्या पोटावरची भाताच्या शितापेक्षाही लहान जागा, श्वास रोखून वाचवली. सावलीसाठी काळ्या रंगाची ट्यूब उघडलीच नाही, अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट सिएना हा तपकिरी रंग मिसळले. त्यातून आलेल्या करड्या रंगात सावली खिडकीच्या बाजूला निळसर आणि तांब्याच्या बाजूला तपकिरी करता आली.

मुलगा फोनवर म्हणाला, “आई, फोटो काढला असतास तर एका मिनिटात झालं असतं.” त्याचे म्हणणे खरेच आहे.

तांब्याच्या गळ्याजवळचा काळपट डाग रंगवायचा राहिला आहे, म्हणून उद्या तो चिंचेने घासू नका, अशी सासूबाईंना विनंती केली. त्या काही बोलल्या नाहीत. पण आत्ता पाणी प्यायला गेले, तर ओट्यावर वाटीत चिंच भिजत घातलेली दिसली.