वाइन किती ठेवायची, कधी उघडायची: नाशिकची शिराझ मुरवताना

वाइन जितकी जुनी तितकी चांगली, हे दुकानात मिळणाऱ्या बहुतेक बाटल्यांना लागू पडत नाही. नाशिकची शेनिन ब्लाँ, सॉव्हिन्याँ ब्लाँ (पांढऱ्या द्राक्षांच्या जाती) आणि गुलाबी रोझे या ताज्या प्यायच्या वाइन. त्यांचा फळांचा वास वर्ष-दीड वर्षात उतरतो आणि त्या जागी दुसरं काही येत नाही. फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातली शेनिन कित्येक दशकं टिकते खरी, पण ती थंड हवेतली, चढ्या आम्लतेची द्राक्षं. त्या भरवशावर आपली बाटली ठेवू नये.

मुरवायला मी ओकच्या पिपात राहिलेली लाल वाइनच निवडतो: नाशिकची शिराझ किंवा कॅबर्ने, नाहीतर अकलूजची सांजोव्हेसे-कॅबर्ने (ही काळ्या द्राक्षांच्या जातींची नावं). घोट घेतल्यावर हिरड्या आवळल्या पाहिजेत (हे टॅनिन), तोंडाला पाणी सुटलं पाहिजे (ही आम्लता) आणि त्यामागे फळाची चव भरपूर हवी. फळच कमी असेल तर टॅनिन मऊ व्हायच्या आत ते संपतं आणि हाती नुसता तुरटपणा उरतो, जास्त उकळलेल्या कोऱ्या चहासारखा.

एकाच सालाच्या सहा बाटल्या घेतो. एकच घेतली तर ती कधी उघडायची हे कळायला मार्ग नाही. बूच काचेच्या वर सरकलेलं, आवरणाखाली चिकट ओघळ, पातळी खाली गेलेली, असं दिसलं की ती बाटली उन्हाळ्यात तापलेली समजावी आणि परत फळीवर ठेवावी. महाराष्ट्रात वाइन घरात बाळगायला परवाना लागतो, हेही लक्षात असू द्या.

खरा निकाल लागतो तो ठेवण्याच्या जागेवर. हवं असतं 12 ते 14 अंश, अंधार आणि रोज वरखाली न होणारं तापमान. मे महिन्यात बाहेर 38-40 अंश असताना बंद कपाटही तिशीच्या वर जातं. तिथे वाइन लवकर मुरत नाही, शिजते. चव जॅमसारखी होते. साधा फ्रिज महिना-दोन महिने चालतो. त्यापुढे कोरड्या हवेने बूच आकसतं, बाटलीत हवा शिरते. म्हणून छोटा वाइन कूलर. त्याच्या आकड्यावर विसंबू नका. आत पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर बुडवून ठेवा, बाटलीच्या आतलं तापमान त्याच्या जवळपास असतं. बुचाच्या बाटल्या आडव्या, फिरकीच्या झाकणाच्या कशाही. वीज गेली तर दार उघडू नका, भरलेला कूलर काही तास थंडावा धरतो. कूलर नसेल तर दिवाळीला घेतलेली बाटली होळीपर्यंत संपवावी, मुरवायच्या फंदात पडू नये.

पहिली बाटली लगेच उघडून रंग, वास, तुरटपणा लिहून ठेवतो. पुढची साधारण वर्षाने. उघडण्याआधी 24 तास उभी ठेवतो, म्हणजे गाळ बसतो: टॅनिन आणि रंगद्रव्यं एकमेकांना जोडली जाऊन जड होतात, त्यांचाच तो गाळ. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरला की कडेचा जांभळा वीटकरीकडे सरकलेला दिसतो. ताज्या जांभळाची चव सुक्या अंजिराकडे, चामड्याकडे, तंबाखूकडे जाते. ही सुधारणा की नुसता बदल, हे ज्याच्या त्याच्या जिभेवर. मला शिराझ तोडणीपासून तीन ते पाच वर्षांत सगळ्यात आवडते.

मागच्या बाटलीपेक्षा ही सरस असेल तर थांबायचं. तेवढीच असेल तर उरलेल्या बाटल्या काही महिन्यांत प्यायच्या. फळ उतरलं असेल तर वाट पाहण्यात अर्थ नाही. मधल्या काळात वाइन कधी कधी मुकी होते, वासच देत नाही. तिला जगमध्ये ओतून दोन तास द्या. खुलली तर बाकीच्यांना हात लावू नका. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर दोष बुचाचा, वयाचा नाही; ती बाटली हिशेबात धरू नये.

तरुण वाइन तास-दोन तास आधी ओतून ठेवलेली चालते. जुनीचा वास अर्ध्या तासातही उडू शकतो, म्हणून ती बाटलीतून थेट ग्लासात, 16 ते 18 अंशांवर, आणि तळातली दोन बोटं बाटलीतच सोडायची. उघडलेली जुनी दुसऱ्या दिवशी बहुधा फिकी पडते. 750 मिलिलिटरमध्ये पाच ग्लास होतात, तेव्हा चार-पाच पिणारे असतील त्या दिवशीच उघडा.